दौंडचा हॅकर आणि तीन देशांचे वकील

दौंड न पाहिलेला पुणेकर विरळा, आणि दौंडला मुद्दाम गेलेला पुणेकर त्याहून विरळा. आपण दौंड पाहतो ते गाडीच्या खिडकीतून. पुढचं इंजिन काढून मागं लावतात, तेवढ्या वेळात आपण चहा घेतो, भजी घेतो आणि "अजून किती थांबणार?" असं एकमेकांना विचारतो. स्टेशनाबाहेर एक अख्खं गाव आहे, त्यात माणसं राहतात, त्यांचे टीव्ही-मिक्सर बिघडतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. तरी दोन हजार सातच्या थंडीत मी दौंड, खुटबाव आणि शिरूर असा दौरा करून आले. सोबत एक जर्मन बाई आणि एक अमेरिकन बुवा होते.

मी वकील आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांचे करार वाचायचे, हा माझा धंदा. त्या सुमाराला पुण्यात आमच्या व्यवसायाची एक परिषद झाली. तिला आलेली मार्टिना माझी जुनी मैत्रीण, म्युनिकला मी शिकत असतानाची. ग्रेग तिच्या ओळखीचा. आधी इंजिनियर, मग वकील. त्यामुळे त्याला दोन्हीकडचे लोक आपला मानत नाहीत. परिषद संपल्यावर दोघांना महाबळेश्वर दाखवायचं ठरलं होतं. इतक्यात आमच्या ऑफिसातली टायपिस्ट रेहाना रडवेल्या चेहऱ्यानं आली.

"मॅडम, माझा भाऊ सलीम. दौंडला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे त्याचं. सोमवारी शिरूरला पोलिसांनी बोलावलंय."

"कशाबद्दल?"

"हॅकिंग."

मी भाषांतर करून सांगितलं. ग्रेगनं हातातला कप खाली ठेवला. "महाबळेश्वर कुठे पळून जाणार नाही," तो म्हणाला.

दौंड

पॅसेंजरनं आम्ही शनिवारी दौंडला उतरलो. मार्टिनानं गाडीत बोरं, शेंगा, पेरू आणि एका आजींनी दिलेली तंबाखू एवढं घेतलं. तंबाखू मी परत दिली.

सलीमचं दुकान रेल्वे कॉलनीच्या वाटेवर. आम्ही लांबूनच त्याची पाटी वाचली. पिवळ्यावर लाल अक्षरं: सलीम इलेक्ट्रॉनिक्स. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर रिपेअर. आणि खाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: सर्व प्रकारचे हॅकिंग योग्य दरात.

मी तिथंच फूटपाथवर बसकण मारणार होते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्या वेळी 'हॅकिंग' हा शब्द जसाच्या तसा छापलेला होता, कलमाचं नावच ते. म्हणजे या माणसानं कबुलीजबाब रंगवून दारावर टांगला होता.

"हे काय लिहिलंय?" मार्टिनानं विचारलं. मी सांगितल्यावर तिनं आधी फोटो काढला, मग कपाळावर हात मारला.

सलीमभाई चाळिशीचा, धिप्पाड, केसांना मेंदी लावलेला. बोलायला मोकळा, जरा जास्तच मोकळा.

"या मॅडम, या! रेहानानं सांगितलं तुम्ही येताय म्हणून. बसा. हे गोरे लोक माझ्या केससाठी आलेत? बघ रुबिना, मी म्हनत न्हवतो, केस मोठी हाय म्हनून!"

त्याची बायको रुबिना आतून पाणी घेऊन आली. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. तिचं तोंड मात्र उतरलेलं होतं. "मोठी आहे ना," ती म्हणाली, "म्हणूनच दोन रात्री डोळा लागलेला नाही."

प्रकरण असं होतं. खुटबावच्या दूध संकलन केंद्रात दुधाचं फॅट मोजणारं यंत्र आहे. दूध घातलं की यंत्र फॅट मोजतं आणि जोडलेला प्रिंटर चिठ्ठी छापतो. प्रिंटर बंद पडला. शिरूरच्या डीलरनं सांगितलं की हे मॉडेल कंपनीनं बंद केलं, दुसरा प्रिंटर याला चालत नाही, अख्खं यंत्रच नवीन घ्या. केंद्रवाले सलीमकडे आले. सलीमनं साधा बाजारातला प्रिंटर त्या यंत्राला जोडून दाखवला. बातमी पसरली, तशी पाटी रंगली आणि डीलरनं शिरूरला तक्रार दिली.

"जोडला कसा?" ग्रेगनं विचारलं, मी मराठीत विचारलं.

"हॅक केलं!" सलीमनं हवेत मुठी वळल्या. "मशीन फोडलं, चिप काढली, अख्खा प्रोग्राम कॉपी मारला आन् माझ्या चिपमदी घातला. समदं दौंड वळखतं मला."

मी हे भाषांतर करताच दोघांचे चेहरे बदलले. खोलीत तिघं वकील होते आणि तिघांनाही एकच गोष्ट कळली होती. प्रिंटर जोडण्यापुरती माहिती काढणं वेगळं आणि दुसऱ्याचा प्रोग्राम उचलून आपल्या चिपमध्ये भरणं वेगळं. पहिल्याला वाट आहे. दुसऱ्याला जगात कुठंच फारशी नाही.

"पोलिसांना असंच सांगितलंत?" मी विचारलं.

"फोनवर सांगितलं ना! छाती ठोकून!"

रुबिनानं पदरात तोंड लपवलं.

रात्री तिच्या हातची अंडाकरी आणि ज्वारीची भाकरी खाताना माझे पाहुणे भांडत होते. मार्टिनाचं म्हणणं, युरोपात जोडणीपुरतं यंत्राचं आतलं उलगडून बघायचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे, आणि करारात 'उलगडू नये' असं छापलं तरी ते छापणं रद्दी. ग्रेग म्हणाला, अमेरिकेतही कोर्टांनी दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायला मुभा दिलीये. पण सॉफ्टवेअरच्या पाकिटावर 'वाचणार नाही' असं छापलं असेल आणि तू पाकीट फोडलंस, तर ती मुभा गेली. शिवाय कंपनीनं डिजिटल कुलूप लावलं असलं, तर कुलूप उघडणंच गुन्हा. आता त्यात सवलती आहेत, पण सवलत वाचायला वकील लागतो.

"म्हणून तुमच्याकडे एवढे वकील," मार्टिना म्हणाली.

"आणि तुमच्याकडे या वर्षी काय झालं ते सांग की."

मार्टिना भाकरी मोडायला लागली. त्या वर्षी जर्मनीत नवा कायदा आला होता: घुसखोरीसाठी बनवलेली सॉफ्टवेअरची हत्यारं करणं, मिळवणं, वाटणं हाच गुन्हा. स्वतःच्याच घराचं कुलूप तपासणाऱ्या लोकांनाही त्याची धास्ती बसली होती.

"काय म्हनतायत?" सलीमनं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं दोघांकडे करुणेनं पाहिलं आणि ताटात आणखी भाकरी वाढली. "खा बाबांनो. लई तरास हाय तुमच्याकडं."

खुटबाव

रविवारी जीप करून खुटबावला गेलो. दुतर्फा ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोड धूर. एका गुऱ्हाळावर ग्रेगला गरम काकवी दिली. दाढीला लागलेली काकवी पुसता पुसता त्यानं ती भुवईपर्यंत नेली, आणि पुढचा सगळा दिवस माश्या त्याच्यावर प्रसन्न होत्या.

संकलन केंद्राचे चेअरमन आप्पा धोतर सावरत आले. मार्टिनाच्या हातात दुधाचा तांब्या देऊन म्हणाले, "घ्या बाई. म्हशीचं हाय, फॅट आमच्याच मशीनवर मोजल्यालं."

यंत्र टेबलावर होतं. त्याला हळदीकुंकवाचे एकावर एक थर, वर वाळलेल्या झेंडूची पाकळी चिकटलेली. बाजूला सलीमची करामत: प्लास्टिकचा जेवणाचा डबा. त्यात एक वायर यंत्रातून शिरत होती आणि दुसरी प्रिंटरकडे निघत होती. आप्पांनी चिठ्ठी छापून दाखवली. वर दुधाचं फॅट, आणि खाली जिथं आधी कंपनीचं नाव यायचं तिथं: सलीम इलेक्ट्रॉनिक्स, दौंड.

"कंपनीचं नाव कुठं गेलं?" मी विचारलं.

"काढलं," सलीम म्हणाला. "काम मी केलं, नाव त्यांचं कशाला?"

ग्रेग ऐकत नव्हता. तो यंत्राभोवती वाकून फिरत होता. मग त्यानं मला बोलावलं. यंत्राच्या मागं झाकणाच्या फटीवर कंपनीचं कागदी सील होतं, 'तोडल्यास हमी रद्द' असं लिहिलेलं. त्यावरून हळदीकुंकू फासलेलं, थरावर थर, आणि कुठंही चीर नव्हती.

"आप्पा, ही पूजा कधीची?"

"दरसाल खंडेनवमीला. हत्यारं पुजतो, तशी मशीनबी पुजतो. पयल्या वर्षापासनं."

"यंदाच्या पूजेनंतर झाकण उघडलं का कुणी?"

"अजून एकदाबी न्हाई. सलीमला म्या म्हनलं हुतं, देवाचं हाय, फोडायचं न्हाई. बाहीरनं काय करायचं ते कर."

मी सलीमकडे वळले. तो छताकडे पाहत होता.

"सलीमभाई. तुम्ही मशीन फोडलं, चिप काढली, कॉपी मारली?"

त्यानं नजर खाली आणली. मग आवाज एवढासा झाला. "फोडलं न्हाई. वायर निघती ना प्रिंटरकडं, तिला माझा स्कोप लावला. आप्पा दूध घालायचे, स्कोपवर रेघ उड्या मारायची. कोनत्या आकड्याला कशी उडी मारती ते बघत बसलो. बरेच दिस. मंग माझा मी प्रोग्राम लिवला."

"मग पोलिसांना खोटं का सांगितलंत?"

"मॅडम, वायर बघत बसलो असं सांगितलं तर कोन विचारतंय? बायकूचा भाऊबी हसला असता. पेपरात हॅकर म्हनलं की फोटो येतो."

मार्टिनाला हसू आवरेना. मला मात्र राग आला होता. त्याच्या कामात गुन्हा नव्हता. आपला कायदाही यंत्राच्या हक्काच्या मालकाला, सहज न मिळणारी माहिती जोडणीपुरती काढू देतो, मालकानं सांगून दुसऱ्याकडून करवून घेतलं तरी. वायरीवर काय चाललंय ते बघायला तर कुलूपही उघडावं लागत नाही. तरीही फुशारकीपायी तो तीन वर्षांच्या शिक्षेच्या कलमात आपण होऊन पाय घालत होता. घरी बायको जागी, आणि हा फोटोची वाट बघतोय.

"उद्या तिथं खरं सांगायचं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. डीलरसमोरही."

तो डब्याचं झाकण उगाच उघडून लावत राहिला.

चौफुल्याकडून घोडनदी

सोमवारी सकाळचं दूध उरकल्यावर निघालो. पुरावा म्हणून यंत्रच बरोबर घेतलं, आणि आप्पांची एकच अट: संध्याकाळच्या दुधाआधी ते टेबलावर परत पाहिजे. यंत्र मार्टिनाच्या मांडीवर, प्रिंटर माझ्या, डबा आप्पांच्या. सलीमचा स्कोप, म्हणजे विजेची उडी पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवणारं ते जुनं धूड, ग्रेगच्या मांडीवर. फौजदारांना प्रत्यक्ष दाखवायचं, असा बेत होता.

शिरूरला जुने लोक अजून घोडनदीच म्हणतात. मार्टिनानं रस्ताभर घोडे शोधले.

चौफुल्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. ट्रॉलीवर बसलेल्या माणसानं गोरा चेहरा पाहून एक टिपरं ओढलं आणि ग्रेगपुढे धरलं. "खाव साब!" ग्रेगनं दोन्ही हात पुढे केले. दोन्ही! जीपनं खड्डा घेतला, स्कोप सरकला आणि दाणकन पायाशी आपटला.

जीप थांबली. सलीमनं स्कोप उचलला, हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं. आदल्या दोन दिवसांत एकदाही न मिटलेलं त्याचं तोंड मिटलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून डोक्यावर घेऊन आणला होता तो, एवढंच त्यानं सांगितलं. ग्रेगनं ऊस कडेला ठेवला आणि भीमेचा पूल येईपर्यंत माफी मागत राहिला. त्याचं इंग्रजी सलीमला कळत नव्हतं, पण चेहरा कळत होता.

"ऱ्हाऊ द्या," अखेर सलीम म्हणाला. "खड्डा तुमचा न्हाई."

शिरूर

फौजदार शांत, पन्नाशीकडे झुकलेले. तक्रारदार डीलर पोपटराव आधीच येऊन बसले होते. आम्ही पाच माणसं आणि चार यंत्रं घेऊन आत शिरलो, तेव्हा फौजदारांनी चष्मा काढून पुसला.

"वरात कुणाची?"

मी ओळख करून दिली. पाहुणे परदेशी वकील आहेत म्हटल्यावर त्यांनी खुर्च्या मागवल्या.

पोपटराव तडक म्हणाले, "साहेब, यानं स्वतः कबूल केलंय. दारावर पाटी आहे. आणि आमच्या कंपनीचं नाव पुसून स्वतःचं छापतोय! लोकांना वाटतं मशीनच यानं केलं. मला कोण फोन करणार आता?"

नावाचं म्हणणं खरं होतं, आणि मी तसं कबूल केलं. मग सलीमकडे पाहिलं. तो उभा होता, हात मागं बांधून. बाहेर व्हरांड्यात दहा-बारा लोक, आत डीलर, दारात हवालदार. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा प्रेक्षकवर्ग असावा.

"सांग," आप्पा म्हणाले.

"साहेब," सलीम म्हणाला, "म्या हॅकिंग न्हाई केलं. पाटी उगंच लावली. वायर बघत बसलो फकस्त."

पोपटराव हसले. "आता पलटी मारतोय!"

मी सील दाखवलं. आप्पांनी खंडेनवमी सांगितली. फौजदारांनी नखानं कुंकू किंचित खरवडलं, मग घाईनं बोट कपाळाला लावलं. त्यांना पटलं होतं, पोपटरावांना नाही. "वायरीवरून कसं कळेल? आत शिरल्याशिवाय शक्य नाही. दाखव करून!"

आता स्कोप हवा होता. ग्रेगनं खाली फरशीवर मांडी घातली आणि हातानंच खुणा करून पेचकस मागितला. सलीमही बसला. झाकण निघालं. एक तार सुटली होती आणि फ्यूज फुटला होता. तार जोडायला डाग द्यायचा कावीया हवा, आणि फ्यूज.

"पोपटराव," फौजदार म्हणाले, "तुमचं दुकान समोरच ना?"

पोपटरावांचं तोंड कडू झालं. पण साहेबांनी विचारलं होतं. स्वतःच्या विरुद्धच्या पुराव्यासाठी ते स्वतःच्या दुकानातून कावीया आणि फ्यूज घेऊन आले, आणि कावीयाची वायर पुरत नव्हती म्हणून लांब वायरही. मार्टिना माझ्या कानात म्हणाली की असा फिर्यादी युरोपात मिळणार नाही.

सलीम डाग देत होता, ग्रेग तार धरून होता, हवालदार उजेडासाठी खिडकी उघडत होता. पडद्यावर हिरवी रेघ आली. आप्पांनी बरोबर आणलेल्या बाटलीतलं दूध यंत्रात घातलं. रेघ उडाली, नाचली, थांबली. सलीम एकेका उडीवर बोट ठेवत आकडा सांगत गेला, आणि प्रिंटरनं तोच आकडा छापला. पुन्हा दूध, पुन्हा तेच.

पोपटराव खुर्चीवरून उठून पडद्यापाशी आले. "आणि ही बारकी उडी?"

"तो पॉइंट. दशांश."

"आयला," पोपटराव म्हणाले. मग आपण फिर्यादी आहोत हे आठवून मागं सरकले.

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी कलम सांगितलं: यंत्रातलं काही पुसलं नाही, बदललं नाही, बिघडवलं नाही. आणि या कायद्याखालचा तपास डीवायएसपींच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचाच नसतो. अर्ज पुढं गेला, तर जबाबाला पोपटरावांनाही त्या मोठ्या साहेबांसमोर उभं राहावं लागेल.

पोपटरावांनी थोडा विचार केला. "कंपनीचं नाव परत छापायचं. वर. ठळक."

"छापतो," सलीम म्हणाला. "माझं खाली, बारीक."

"फार बारीक."

अर्ज मागं घेतला गेला. पण फौजदार सलीमला म्हणाले, "तू फोनवर मला जे सांगितलंस ते मी विसरू शकत नाही. खरं काय ते तुझ्या हातानं लिहून दे."

सलीमनं पेन घेतलं आणि मग कितीतरी वेळ तसाच बसला. तीन देशांच्या कायद्यांनी त्याला जेवढं घाबरवलं नव्हतं, तेवढं त्या कोऱ्या कागदानं घाबरवलं. व्हरांड्यातले लोक आत डोकावत होते. शेवटी त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी हॅकर नाही. मी रिपेअरचे काम करतो. खाली सही केली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

परत खुटबाव

मिसळ खायलाही थांबलो नाही. उन्हं कलता कलता जीप केंद्रासमोर लागली, तेव्हा किटल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आप्पांनी यंत्र टेबलावर ठेवलं, हात जोडले, पहिलं दूध घातलं. प्रिंटर करकरला. रांग पुढे सरकली.

मार्टिना आणि ग्रेग कट्ट्यावर ऊस सोलत वाद घालत होते. सलीमचा डबा अमेरिकेत विकायला काढला तर काय होईल, यावर. मी सलीमला शोधत बाहेर गेले. तो कडुनिंबाखाली मोबाइल कानाला लावून उभा होता.

"सुटलो... व्हय, समदं मिटलं... न्हाई, लिहून द्यावं लागलं... हॅकर न्हाई म्हनून... रिपेरवाला म्हनून." मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता. एकदा त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि लगेच हसला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली रुबिना?"

"म्हनली, माझा निकाह रिपेरवाल्याशीच झाला हुता. तो हॅकर कोन हुता ते मला म्हाईतच न्हाई. जेवायला ये."